वॉशिंग्टन हायस्कूल, मॅसिलन

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टस्करावास नदीकाठच्या मॅसिलन (लोकसंख्या सुमारे ३२ हजार) या गावातील सरकारी माध्यमिक शाळा. अमेरिकन फुटबॉलच्या परंपरेसाठी ती देशभर ओळखली जाते. संघाचे नाव ‘टायगर्स’, रंग नारिंगी व काळा. गाव १८२६ मध्ये वसले. त्याला झां-बातीस्त मासियाँ या फ्रेंच बिशपचे नाव दिले आहे.

‘टायगर्स’ या नावाबाबत थोडी सावधगिरी हवी. १९०३ मध्ये गावात प्रौढांचा एक संघ उभा राहिला, तो लवकरच धंदेवाईक झाला. त्याच्यासाठी घाऊक घेतलेल्या जर्सी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ‘टायगर्स’ संघासारख्या पट्ट्यापट्ट्यांच्या होत्या आणि त्यावरून नाव पडले, असे सांगतात. शाळेच्या नावाचे मूळही बहुधा येथेच शोधावे लागेल. मात्र दोन्ही संघांचा इतिहास एकत्र करू नये. १९०६ मध्ये शेजारच्या कॅन्टन गावाच्या संघाशी झालेल्या सामन्यांवरून सट्टेबाजीचे जे प्रकरण गाजले, ते धंदेवाईक संघांचे. शाळेचा त्याच्याशी संबंध नाही.

कॅन्टनमधील मॅकिन्ले हायस्कूलशी असलेली चुरस १८९४ पासून मोजतात. विल्यम मॅकिन्ले राष्ट्राध्यक्ष झाले १८९७ मध्ये. म्हणजे आरंभीच्या सामन्यांत समोरच्या शाळेला हे नाव असणे शक्य नाही. तरीही परंपरा अखंड मानणेच योग्य, कारण चुरस मुळात दोन गावांची आहे.

राज्य विजेतेपदांची गणना अधिक गुंतागुंतीची आहे. शाळेच्या नावावर साधारणपणे २५ विजेतेपदे सांगतात. परंतु ओहायोत बाद फेरी सुरू झाली १९७२ मध्ये. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची क्रमवारी १९४७ पासूनची. त्याआधीची विजेतेपदे वृत्तपत्रांच्या व जाणकारांच्या कौलावर उभी आहेत. म्हणून ती खोटी ठरत नाहीत. पण मैदानावर अंतिम सामना जिंकून मिळवलेल्या पदाच्या रांगेत ती बसवताना हा फरक नोंदवणे आवश्यक आहे.

या जुन्या विजेतेपदांपैकी सर्वांत झळाळती पॉल ब्राउन यांच्या काळातील. याच शाळेचे विद्यार्थी असलेले ब्राउन १९३२ ते १९४० येथे प्रशिक्षक होते : ८० विजय, ८ पराभव, २ बरोबरी. १९४० च्या संघाने हंगामात ४७७ गुण केले आणि फक्त ६ दिले. १९३८ पासूनचा शाळेचा स्विंग बँड आणि १९३९ मध्ये खुले झालेले, आज ब्राउन यांचे नाव असलेले स्टेडियम याच काळातले. पुढे ब्राउन यांनी ओहायो स्टेट विद्यापीठ आणि धंदेवाईक फुटबॉलमधील क्लीव्हलंड ब्राउन्स व सिनसिनाटी बेंगॉल्स हे संघ घडवले.

गावात मुलगा जन्मला की इस्पितळातच त्याच्या पाळण्यात छोटासा फुटबॉल ठेवत असत. संघाच्या समर्थक मंडळाची ही भेट. तान्ह्याच्या मुठीत न मावणारा तो चेंडू पुढे घराघरांत जपून ठेवलेला असतो. ‘ओबी’ हा संघाचा वाघ. ‘ऑरेंज’ आणि ‘ब्लॅक’ यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव. मैदानाच्या कडेला वाघाचा खराखुरा बच्चा आणण्याची प्रथाही अनेक वर्षे होती.

बाद फेरीच्या युगात मात्र यशाने फार वाट पाहायला लावली. १९८०, १९८२ आणि २००५ मध्ये अंतिम सामने हातचे गेले. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे पुन्हा तेच. त्यांतील दोनदा अॅक्रनच्या आर्चबिशप होबन शाळेकडून. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मॅसिलनने अंतिम सामना ७–२ असा जिंकला. समोर होबनच होते, आणि मैदान कॅन्टनचे.