डार्क स्टोअर

डार्क स्टोअर म्हणजे असं दुकान की ज्यात गिऱ्हाईक शिरतच नाही. शटर अर्धं खाली, दारात पंधरावीस स्कूटर लागलेल्या, आत लोखंडी रॅकच्या गल्ल्यांमधून पोरंपोरी हातात मोबाईल घेऊन पळतायत, हे दृश्य मुंबई, ठाणे, पुण्यात आता बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं, नाव माहीत नसतं एवढंच, मग "ते ॲपवाल्यांचं गोडाऊन" म्हणून लोक मोकळे होतात आणि ते काही चूक नाही. ॲपवरची ऑर्डर दहापंधरा मिनिटांत घरी पोचवायची तर माल गिऱ्हाईकाच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत पडलेला पाहिजे, तेवढ्यासाठी वस्तीतच थाटलेलं हे छोटं कोठार. जागा बहुतेक वेळा २ ते ४ हजार चौरस फूट, आत काही हजार प्रकारचा माल. "डार्क" म्हणजे काळाबाजार नव्हे, आत लाईट भरपूर असतात, गिऱ्हाईकाला बंद म्हणून डार्क. ही पद्धत आपल्याकडची नाही, ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट कंपनीने २००६ मध्ये क्रॉयडनला फक्त ऑनलाइन ऑर्डरी भरण्यासाठी असं स्टोअर काढलं होतं, पण तिथे माल दुसऱ्या दिवशी आला तरी चालायचं, मिनिटं मोजायचं खूळ नंतरचं.

याच्या आधी ऑनलाइन खरेदी म्हणजे भिवंडी. म्हणजे मुंबईवाल्यांसाठी तरी. शहराबाहेर अवाढव्य गोदाम, तिथून माल सॉर्टिंगला, तिथून तुमच्या भागातल्या डिलिव्हरी स्टेशनला, मग दारात, या सगळ्यात एक ते चार दिवस. एका छपराखाली लाखो वस्तू ठेवता येतात आणि भाडं कमी, हा त्याचा फायदा, पण दूध, कोथिंबीर, पेटलेल्या गॅसवर संपलेलं मीठ यासाठी भिवंडी कामाची नाही. तिथे वाणीच लागायचा. फोन केला की पोऱ्या सामान घेऊन यायचा, पैसे वहीत. खरं तर "क्विक कॉमर्स" म्हणून आज जे चाललंय ते आपल्या आयांनी लँडलाईनवरून केलेलंच आहे, फक्त त्यात उधारी होती आणि हँडलिंग चार्ज नव्हता.

गंमत म्हणजे या कंपन्यांची सुरुवातही वाण्याच्याच दुकानातून झाली. ग्रोफर्स २०१३ मध्ये निघाली ती आजूबाजूच्या दुकानांतून सामान उचलून घरी पोचवायला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईत आदित पालिचा आणि कैवल्य व्होरा या दोन मित्रांनी किरानाकार्ट सुरू केलं तेही तसंच, जवळचं किराणा दुकान आणि डिलिव्हरीवाला यांची गाठ घालून द्यायची. दोन्हीकडे अडचण एकच. दुकानात नक्की काय शिल्लक आहे हे ॲपला कळत नाही, वाण्याच्या डोक्यात सगळा हिशोब असतो पण तो कॉम्प्युटरवर नसतो, मग ॲपवर मॅगी दिसते आणि रायडर पोचेपर्यंत शेवटचं पाकीट काउंटरवरच्या गिऱ्हाईकाने नेलेलं असतं, मग फोन, मग "मॅडम दुसरं काही चालेल का", यात वीस मिनिटं गेली. काउंटरचं गिऱ्हाईकच काढून टाकलं तर कॉम्प्युटरवरचा आकडा आणि रॅकवरचा माल जुळतो. डार्क स्टोअर गिऱ्हाईकाला बंद का, याचं खरं उत्तर हे. २०२१ मध्ये किरानाकार्टच्या जागी झेप्टो आलं, स्वतःची डार्क स्टोअर घेऊन, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ते विकत घेतलं. स्विगीचं इन्स्टामार्ट २०२० पासून होतंच. नंतर बिगबास्केट, २०२४ मध्ये फ्लिपकार्टचं मिनिट्स, आणि ज्यांची भिवंडीत मोठाली गोदामं आहेत ते ॲमेझॉनही या खेळात उतरलं.

लोकांना वाटतं रायडर गाडी भन्नाट पळवतो म्हणून दहा मिनिटांत येतं. गाडीने वाचतील तर एखाददोन मिनिटं वाचतील, बाकीची आतच वाचवलेली असतात. ऑर्डर पडली की सिस्टीम जवळचं स्टोअर निवडते, पिकरच्या, म्हणजे रॅकवरून माल गोळा करणाऱ्याच्या, मोबाईलवर यादी येते आणि प्रत्येक वस्तूपुढे रॅक आणि खणाचा नंबर असतो, यादीचा क्रमही असा लावलेला की एका फेरीत सगळं हाताशी यावं, परत मागे फिरायला लागू नये. वस्तू उचलायची, स्कॅन करायची, पिशवीत टाकायची, हे सगळं दोनेक मिनिटांत. जास्त खपणारं पॅकिंग टेबलाजवळ, कमी खपणारं आत लांब. दूधदही कोल्ड रूममध्ये, आइस्क्रीम फ्रीझरमध्ये, महागड्या वस्तू कुलपात. म्हणून तुमच्या घरी काय चटकन येणार हे आर्किटेक्टने नाही तर गेल्या महिन्यात तुमच्या शेजाऱ्यांनी काय मागवलं त्याने ठरवलेलं असतं, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी साबुदाणा आणि शेंगदाणे पुढच्या रॅकला आणून ठेवले नाहीत तर त्या दिवशी पिकरचे पाय गेले म्हणून समजा. माल भरला जातो तो बाहेरच्या मोठ्या गोदामातून, त्याला हे लोक मदर हब म्हणतात, आणि गाड्या शक्यतो रात्री नाहीतर पहाटे येतात. म्हणजे भिवंडी गेलेली नाही, ती एक घर मागे सरकली.

बिल कधी नीट वाचलंत तर विक्रेता म्हणून कुणा तिसऱ्याच कंपनीचं नाव दिसायचं, त्याचंही कारण आहे. परकीय मालकीच्या ऑनलाइन कंपनीला आपल्या नियमांप्रमाणे स्वतःचा माल विकता येत नाही, फक्त बाजार भरवता येतो. ब्लिंकिटच्या मूळ कंपनीने, म्हणजे झोमॅटोने, आताच्या इटर्नलने, २०२५ मध्ये परकीय मालकीवर ४९.५ टक्क्यांची मर्यादा घालून घेतली ती याचसाठी, कंपनी भारतीय मालकीची ठरली की माल स्वतः घेऊन विकता येतो.

पैशाचं गणित मात्र दह्याच्या डब्यावर जमत नाही. गाळ्याचं भाडं, वीज, पिकर, रायडर हा खर्च दीडशेच्या ऑर्डरला पण तेवढाच आणि सातशेच्या ऑर्डरला पण जवळजवळ तेवढाच, म्हणून छोट्या ऑर्डरवर फी, पावसात वेगळी फी, आणि ॲप उघडल्या उघडल्या कंपन्यांच्या जाहिराती, त्यातून बरीच कमाई होते. म्हणूनच किराण्यावर न थांबता चार्जर, लिपस्टिक, धनत्रयोदशीला सोन्याचं नाणं, आयफोनसुद्धा आला. मिंत्राने २०२४ च्या डिसेंबरात बंगळुरूत अर्ध्या तासात कपडे द्यायला सुरुवात केली. एका चौरस फुटातून जास्तीत जास्त रुपये काढायचे, बस.

तक्रारी पण आहेत आणि त्या नुसत्या वाण्यांच्या नाहीत. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, धारावीतल्या झेप्टोच्या स्टोअरचा अन्न परवाना निलंबित केला, काही मालाला बुरशी, साचलेल्या पाण्याजवळ ठेवलेला माल, शीतगृहाचं तापमान नीट नाही अशी कारणं दिली होती, नंतर तो परत मिळाला. त्याच सुमारास पुण्यात बालेवाडीतल्या ब्लिंकिटच्या स्टोअरवरही कारवाई झाली. दुकानात आपण डोळ्यांनी बघतो, डबा फिरवून तारीख वाचतो, इथे ते बघणारं कुणी नाही, सगळा भरवसा आतल्या माणसांवर आणि इन्स्पेक्टरवर. बिल्डिंगखालच्या गाळ्यात स्टोअर आलं की पहाटेचे टेम्पो, फुटपाथवर गाड्या, रायडरना बसायला जागा नाही, बाथरूम नाही, हे ओघाने आलंच.

युरोपात याच भांडणावर नगरपालिका उठल्या. ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅमने २०२२ मध्ये नवीन डार्क स्टोअरवर वर्षभराची बंदी घातली, फ्रान्समध्ये २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ही दुकानं नाहीत, गोदामं आहेत असं ठरवलं, म्हणजे पॅरिसला वस्तीतून ती हटवता येतील. गेटीर ही इस्तंबूलची कंपनी, बर्लिनची गोरिलाज तिनेच घेतली होती, २०२४ मध्ये ती युरोप-अमेरिकेतून गाशा गुंडाळून तुर्कस्तानात परतली. तिकडे माणसाची मजुरी महाग, आपल्याकडे स्वस्त, दाट वस्ती आणि चौथ्या मजल्यावर जिने चढून येणारा मुलगा मिळतो, आपल्याकडे हे टिकण्यामागे या गोष्टीचा वाटा मोठा आहे, ॲपच्या हुशारीचा त्या मानाने कमी. त्या मुलाचं नाव कायद्यात यायला २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता लागली आणि ती लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, त्यात कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे आहेत.

आता छोटी स्टोअर पुरेनाशी झालीत. स्विगीने मेगापॉड नावाने १० हजार चौरस फुटांच्या आसपासची स्टोअर काढली, त्यात ५० हजारांपर्यंत वस्तू बसतात असं कंपनी म्हणते, आणि एवढा मोठा गाळा दादर किंवा कोथरूडमध्ये परवडेल अशा भाड्यात शोधणं हे रायडर शोधण्यापेक्षा अवघड काम होऊन बसलंय.