प्रौढ विद्यार्थ्यांचा गुणगौरव (ग्रामीण विदर्भ)

शाळा मध्येच सुटलेल्या आणि पुढे संसार, शेती किंवा नोकरी सांभाळून महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करणाऱ्या स्त्री-पुरुषांचा गावाने, महाविद्यालयाने किंवा समाज मंडळाने केलेला जाहीर सत्कार. ग्रामीण विदर्भात या प्रथेला स्वतंत्र नाव नाही, ठरलेला दिवसही नाही. दहावी-बारावीच्या निकालानंतर गावोगावी गुणगौरव सोहळे होतात, त्यांच्यातच तिने हळूहळू जागा मिळवली आहे.

नागपूर विद्यापीठ 1923 चे, अमरावतीचे 1983 चे आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ 2011 चे. तरीही वयाने मोठ्या विद्यार्थ्याला खऱ्या अर्थाने जवळचे वाटले ते 1989 मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याची अभ्यासकेंद्रे तालुक्याच्या महाविद्यालयांत निघाली. पुस्तके घरी आणि संपर्क सत्र सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे रोजची मजुरी बुडत नाही. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीकडे जाता आले. या वाटेने आलेल्यांत अंगणवाडी सेविका, आशा, बचत गटाच्या सचिव, रोजगार सेवक, पोलीस पाटील आणि शेतकरी आहेत. काहींना पदोन्नतीसाठी पदवी हवी असते. अनेकांना मात्र राहून गेलेले शिक्षण पुरे करायचे असते, आणि हे कारण नोकरीपेक्षा कमी मोलाचे नाही.

मोठ्या माणसांच्या शिकण्याचा जाहीर आनंद महाराष्ट्राला नवा नाही. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पुढे ही मोहीम राज्यभर नेण्यात आली. तेव्हा गौरव साऱ्या गावाचा होता. आजच्या सोहळ्यात एकेकट्याचे नाव पुकारले जाते.

हे यश कशातून येते ते गावालाच नीट कळते. हिवाळी परीक्षा बहुधा कापूस वेचणीच्या तोंडावर येते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची रोवणी जुलै-ऑगस्टात, म्हणजे प्रवेशाच्या धावपळीत. उन्हाळी परीक्षेच्या सुमारास जंगलपट्ट्यात आधी मोहफुले आणि मग तेंदूपत्ता. घरची कमाई आणि पेपर एकाच आठवड्यात आले तर पेपर सुटतो, विषय मागे राहतो, तीन वर्षांची पदवी पाच-सहा वर्षांवर जाते. शेजारीपाजारी ‘आता या वयात काहाले शिकते?’ असे विचारतात ते वेगळेच. म्हणून टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने सत्कार करणारा सोहळा या विद्यार्थ्यांना न्याय देत नाही. 48 टक्क्यांच्या गुणपत्रिकेमागे किती हंगाम गेले, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. शहाणे आयोजक गुण न वाचता माणसाची ओळख सांगतात : कोणत्या वर्षी शाळा सुटली, का सुटली, पुन्हा कधी सुरू केली. माता-पाल्य एकाच वर्षी उत्तीर्ण झाले की बातमी होते. ती आनंदाची असतेच, पण त्यात आईचे यश लेकराच्या यशाची जोड म्हणून छापले जाते, हे खटकते.

सत्काराचे स्वरूप साधेच असते : शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आणि बऱ्याच ठिकाणी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’. निमित्त बहुधा दुसरेच असते. 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टच्या झेंडावंदनानंतरची ग्रामसभा, 3 जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, बुद्धविहारातली 14 एप्रिलची जयंती. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत शिक्षणाला जे स्थान मिळाले, त्यामुळे तिथे पदवीधर झालेल्या मजुराचा सत्कार हा जयंतीच्या कार्यक्रमाचा स्वाभाविक भाग ठरतो. विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ मात्र दूर असतो. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली रोजी पाहून अनेकजण अनुपस्थितीतच पदवी घेतात. अशा वेळी गावचा सत्कार हाच त्यांचा दीक्षान्त समारंभ.

विवाहित स्त्रियांच्या बाबतीत नावाचा पेच पडतो. पदवीवरचे नाव बहुधा दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, म्हणजे माहेरचे असते. गाव तिला सासरच्या आडनावाने किंवा थोरल्या मुलाची आई म्हणून ओळखते. निवेदकाने कागदावरचे नाव पुकारले की मंडपातल्या लोकांना कोण ते लवकर उमगत नाही. दोन्ही नावे घेणे हा सोपा उपाय आहे, आणि तिचे स्वतःचे नाव गावासमोर मोठ्याने घेतले जाण्याची ती दुर्मीळ वेळ असते. काही स्त्रिया व्यासपीठावर येण्याचे टाळतात. वय जाहीर होईल, सासरी काय म्हणतील, हा संकोच खरा असतो. त्यांच्यासाठी बचत गटाच्या मासिक बैठकीतला सत्कार अधिक मानवतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवीच्या एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येते. मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) 2021 च्या नियमांप्रमाणे श्रेयांक पेढीत, म्हणजे ते जमा ठेवणाऱ्या डिजिटल खात्यात, जास्तीत जास्त सात वर्षे राहतात आणि तेवढ्या काळात परत येता येते. थांबत थांबत शिकणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. गुणगौरवासाठी मागितली जाते ती मात्र सहसा शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स. त्यामुळे पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन रोवणीसाठी थांबलेली बाई यादीत येत नाही.