सेकंडरी ग्लेझिंग की डबल ग्लेझिंग? जुन्या सॅश खिडकीपुरतं बोलू

दोन्हींत काचा दोन, म्हणून सेकंडरी ग्लेझिंग आणि डबल ग्लेझिंग सर्रास एकच समजले जातात. डबल ग्लेझिंगमध्ये दोन काचा कारखान्यातच कडेने हवाबंद करून एक जाड तावदान बनवतात आणि जुनी काच, बरेचदा अख्खी खिडकीच, काढून ते बसवतात. सेकंडरी ग्लेझिंगमध्ये जुनी खिडकी जागच्या जागी राहते. तिच्या आत, खोलीच्या बाजूला, काचेची दुसरी बारीक चौकट लागते.

ब्रिटनमधल्या जॉर्जियन आणि व्हिक्टोरियन, म्हणजे साधारण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, घरांतल्या सॅश म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांना हा फरक फार महागात पडू शकतो. त्यांच्या झडपा, म्हणजे काचेच्या सरकत्या चौकटी, दोरी, कप्पी आणि चौकटीच्या पोकळीत लपवलेल्या वजनांवर तोललेल्या असतात. 1 मिमी जाडीची 1 चौरस मीटर काच अडीच किलो भरते. म्हणजे 3 मिमीच्या काचेचे साडेसात किलो, आणि तिच्या जागी 4 मिमीच्या दोन काचा आल्या की थेट 20 किलो. मग वजनं वाढवा, दोऱ्या बदला. काचा धरणाऱ्या लाकडी पट्ट्याही इतक्या नाजूक असतात की नेहमीचं जाड तावदान त्यांच्या खाचेत मावत नाही. शिवाय जुनी काच गेली ती गेलीच. तिच्यातून बघताना आपण मान हलवली की समोरच्या भिंतीची कड लहरते. असली काच भंगारात टाकायला माझं मन धजत नाही.

आवाज अडवायचा असेल तर सेकंडरीच घ्यावं. डबल ग्लेझिंगमध्ये दोन काचांमधलं अंतर साधारण 16 मिमी असतं. सेकंडरीत ते 100 मिमी किंवा त्याहून जास्त ठेवता येतं आणि रस्त्याचा गोंगाट बराच दबतो. उबेसाठी 20 मिमीच्या आसपास पुरे. नव्या बांधकामात मात्र डबल ग्लेझिंगच सोयीचं: उघडायला, पुसायला एकच खिडकी.

आतली चौकट नजरेत भरू नये यासाठी तिचा आडवा जोड बाहेरच्या दोन झडपा जिथे मिळतात त्याच्या बरोबर मागे यायला हवा, आणि रंग मूळ लाकडाचाच. माप घेताना खिडकीची आतली लाकडी दारं मिटतात का, हेही बघून घ्या.

दव धरण्याचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. खोलीतली दमट हवा मधल्या पोकळीत शिरली की बाहेरच्या गार काचेवर पाणी जमतं आणि लाकूड कुजायला लागतं. म्हणून आतली चौकट घट्ट बसवायची आणि बाहेरच्या जुन्या खिडकीला थोडी फट राहू द्यायची. दोन्ही बाजू बंद करून टाकू नका. आतली चौकट उघडणारीच घ्या. पोकळी अधूनमधून पुसावी लागते, आणि झोपायच्या खोलीत आग लागली तर खिडकीच सुटकेची वाट असू शकते.

इमारत संरक्षित यादीत असेल तर खिडकी बदलायला परवानगी लागते. सेकंडरीला ती बरेचदा लागत नाही, तरी काम सुरू करण्याआधी स्थानिक कौन्सिलला विचारा.