फुगलेली मागणी आणि न छापता येणारी पानं : ‘मॅजिक’च्या रिझर्व्ड लिस्टची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या तिसाव्या वर्षानिमित्त एक संच विक्रीला आला. चार पाकिटं, प्रत्येकात १५ पानं, किंमत ९९९ डॉलर. १९९३ सालच्या पानांची ती नवी छपाई होती. पण पानांची पाठ मुद्दाम वेगळी ठेवली होती, त्यामुळे अधिकृत स्पर्धेत त्यातलं एकही पान चालणार नव्हतं. स्वतःचीच जुनी पानं सरळ छापून विकायला कंपनीचे हात कशाने बांधले आहेत, हा प्रश्न नव्या खेळाडूला हमखास पडतो. त्याचं उत्तर १९९४-९५ या दोन वर्षांत आहे.

‘मॅजिक’ काढणारी विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी सुरुवातीला अगदी लहान होती. बोइंगमध्ये नोकरी करणाऱ्या पीटर ॲडकिसन यांनी १९९० मध्ये काही मित्रांना घेऊन ती काढली, आणि तिचा कारभार सिॲटलजवळच्या केंटमध्ये त्यांच्या घराच्या तळघरातून चालायचा. ‘द प्रायमल ऑर्डर’ हे त्यांचं १९९२ सालचं पहिलं पुस्तक रोल-प्लेइंग खेळांसाठी, म्हणजे खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतात अशा खेळांसाठी होतं. त्यातले नियम इतर प्रकाशकांच्या खेळांत कसे बसवायचे, हेही त्यात दिलं होतं. त्यावरून त्यांतल्याच पॅलेडियम बुक्स या प्रकाशकाने दावा ठोकला. गाठीला पैसा नाही आणि मागे कोर्टकचेरी, अशी अवस्था झाली.

त्याआधी, १९९१ मध्ये, रिचर्ड गारफील्ड त्यांना भेटले होते. ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणितात पीएचडी करत होते आणि ‘रोबोरॅली’ नावाचा आपला बोर्डगेम घेऊन आले होते. ॲडकिसन यांना खेळ आवडला, पण बोर्ड आणि सोंगट्या यांचा खर्च झेपणारा नव्हता. त्यांनी वेगळंच मागितलं. खेळांच्या संमेलनात लोक दोन डावांच्या मधे बराच वेळ नुसते बसून असतात. तेवढ्यात संपेल, सोबत सहज नेता येईल आणि छापायला स्वस्त पडेल, असा खेळ हवा. मला हा या गोष्टीतला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. बाजार ओळखणं ते हेच. स्वतः अशा संमेलनांत वावरलेल्या माणसालाच ही रिकामी जागा दिसते.

गारफील्ड यांचं उत्तर मागणीच्या पुढे गेलं. आपल्याकडे पत्त्यांचा कॅट घरात एकदा आला की वर्षानुवर्षं पुरतो, आणि तो सगळ्यांचा सारखाच असतो. गारफील्ड यांच्या खेळात प्रत्येकाचा कॅट वेगळा. पाकिटं फोडायची, मिळालेल्या पानांतून आपला कॅट जुळवायचा, नको ती पानं मित्राशी बदलायची. चित्रांसाठी सिॲटलच्या कॉर्निश कला महाविद्यालयातले तरुण मिळाले. त्यांना रोख थोडी आणि सोबत कंपनीचे शेअर, असा व्यवहार ठरला. छपाई बेल्जियममधल्या कार्टा मुंडीकडे दिली. दाव्याची झळ नव्या खेळाला लागू नये म्हणून गारफील्ड गेम्स ही वेगळी कंपनी मधे उभी केली.

ऑगस्ट १९९३ मध्ये पहिली आवृत्ती आली. खेळाडू तिला अल्फा म्हणतात. पानं सुमारे २६ लाख, म्हणजे प्रत्येक दुर्मीळ पानाच्या जेमतेम ११०० प्रती. काही महिने पुरेल असा हा माल बघता बघता संपला. ऑक्टोबरात बीटा आली, ७३ लाख पानांची. तीही पुरली नाही. डिसेंबरच्या अनलिमिटेड आवृत्तीत पानांची काळी किनार पांढरी केली, जेणेकरून आधीच्या मर्यादित आवृत्त्या वेगळ्या ओळखता याव्यात.

इथे एक हिशेब चुकला होता. एखादा माणूस बोर्डगेमवर जेवढा खर्च करतो तेवढाच या पाकिटांवर करेल, असं खेळ रचताना धरलं होतं. म्हणजे मित्रांच्या टोळक्यात ‘ब्लॅक लोटस’सारखं जबरदस्त पान फार तर एखादं असेल आणि त्याने काही बिघडणार नाही. प्रत्यक्षात लोकांनी खोकीच्या खोकी विकत घेतली, आणि ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे अशी चार-चार पानं जमली.

खरी मेख मात्र दुकानदार आणि वितरक यांच्यात होती. दहा खोकी मागितली की एखाद-दोनच हाती पडायची. मग दुकानदाराने दहा हवी असतील तर पन्नास लिहायला सुरुवात केली, आणि तोच आकडा वितरकाकडून वर कंपनीपर्यंत गेला. यात लबाडी कुणाचीच नव्हती. रेशन कमी मिळणार हे ठाऊक असेल तर कुणीही असंच करेल. पण कंपनीच्या टेबलावर येणारी मागणी आता खेळाडूंची उरली नव्हती, ती टंचाईच्या भीतीची होती.

नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘फॉलन एम्पायर्स’ हा संच आला आणि या वेळी कंपनीने भरपूर छापलं. त्याची ३५ कोटींच्या वर पानं निघाल्याचं सांगितलं जातं. पन्नास लिहिणाऱ्याच्या दारात या वेळी खरोखरच पन्नासच्या आसपास खोकी उतरली. उधारीवर माल उचललेल्या दुकानदारांनी ती पाकिटं मिळेल त्या भावाला काढली. पुढे कित्येक वर्षं हा संच जुन्या पाकिटांत सर्वांत स्वस्त मिळत राहिला.

दुसऱ्या बाजूला नव्या खेळाडूंची तक्रार खरी होती. पहिल्या वर्षातली ‘अरेबियन नाइट्स’, ‘लेजंड्स’ अशा संचांची पानं त्यांच्या आवाक्याबाहेर गेली होती. म्हणून १९९५ च्या उन्हाळ्यात ‘क्रॉनिकल्स’ आला. त्यात जुनीच पानं, पांढऱ्या किनारीसह, मुबलक छापली होती. खेळणाऱ्यांची सोय झाली, पण ज्यांनी तीच पानं चढ्या भावाने घेतली किंवा दुकानात साठवली होती, त्यांच्या मालाचे भाव एकदम कोसळले. ओरड एवढी झाली की मार्च १९९६ मध्ये कंपनीने एक यादीच जाहीर केली : ही पानं पुन्हा कधीही छापणार नाही. हीच रिझर्व्ड लिस्ट.

हे वचन घाईत दिलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण टंचाईवरचा खरा उपाय जानेवारी १९९५ मध्येच सापडला होता. ‘टाइप टू’ नावाच्या नव्या स्पर्धापद्धतीत मूळ संचाची चालू आवृत्ती आणि अगदी अलीकडचे संच एवढेच चालायचे. त्यामुळे नव्याने आलेल्या मुलाला अल्फातलं पान शोधत हिंडायची गरज राहिली नाही, आणि कंपनीला नवे संच काढत राहायला कारण मिळालं. आजचं ‘स्टँडर्ड’ ते हेच. धंदा यावरच तरला. १९९७ मध्ये विझार्ड्सने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग खेळ काढणारी टीएसआर ही कंपनी विकत घेतली. १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीने सुमारे ३२.५ कोटी डॉलर मोजून विझार्ड्सलाच घेतलं.

यादी मात्र उरली. २००२ मध्ये तिच्यातली कमी दुर्मीळ पानं वगळली. चकाकत्या खास छपाईपुरती एक सवलत होती, तिचा वापर होऊ लागताच संग्राहक पुन्हा चिडले आणि २०१० मध्ये तीही काढून टाकली. त्यानंतर स्पर्धेत चालेल असं यादीतलं पान छापायची एकही वाट राहिली नाही. ब्लॅक लोटसच्या अल्फातल्या एका निर्दोष प्रतीला २०२४ मध्ये ३० लाख डॉलर मिळाले. २०२२ मध्ये या खेळाची वार्षिक उलाढाल पहिल्यांदा एक अब्ज डॉलरवर गेली, आणि त्याच नोव्हेंबरात बँक ऑफ अमेरिकाच्या विश्लेषकांनी हॅस्ब्रोच्या शेअरचं मानांकन खाली आणलं. कारण तेच : पानं फार छापली जात आहेत, दुकानदार आणि संग्राहक नाराज आहेत.

९९९ डॉलरचा संच याच महिन्यात आला. वचनात पाठ वेगळी असलेल्या, स्पर्धेबाहेरच्या पानांना मनाई नव्हती. तेवढीच एक फट शिल्लक होती, आणि कंपनी तिच्यातूनच आत शिरली.