पराग पोचला, पण दाणा भरला का?

पोळा होऊन तीन-चार दिवस झाले असतील. दहावीतल्या एका मुलीनं दप्तरातून सोललेला भुट्टा काढून टेबलावर ठेवला. न्हाणीजवळ तिच्या मायनं मक्याची तीनच झाडं लावली होती, त्यातलं हे कणीस. अगदी दातपडकं. मधेमधे खड्डे, शेंड्याकडं तर दोन बोटं टक्कल.

"सर, हे असं काहून झालं?"

मी तोच प्रश्न वर्गाकडं टोलवला. एक बाजू म्हणाली, परागीभवन झालं नाही. दुसरी म्हणाली, फलन झालं नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "दोन्ही एकच तं हाय ना सर!"

मला त्याला रागावता येईना. त्याच्या वयाचा असताना मीही परीक्षेत लिहिलं होतं, "परागकण कुक्षीवर पडणे म्हणजे फलन", आणि दोनपैकी दोन गुण घेऊन आलो होतो. घोळ आकृतीमुळंही होतो. एकाच फुलाच्या चित्रात वरून पराग पडतो, बाण खाली जातो, खाली बी तयार! मधला सगळा प्रवास त्या एका बाणात गडप.

म्हणून मी आमच्या गावचाच दाखला देतो. एसटी आपल्याला फाट्यावर सोडते. गाव तिथून आत दोन किलोमीटर. फाट्यावर उतरला म्हणजे माणूस घरी आला असं कोणी म्हणत नाही. पुढं चालावं लागतं, मधे नाला लागतो, कधी नाल्याला पूर असतो. परागकोशातला परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर, येऊन टेकला की झालं परागीभवन. ही फाट्यापर्यंतची एसटी. ती वाऱ्याची असेल, मधमाशीची असेल, नाहीतर माणसाच्या बोटांची. फलन घरात होतं, म्हणजे ज्याचं पुढं बी होतं त्या बीजांडाच्या आत, परागातून आलेली नर पेशी (नर युग्मक) आणि अंडपेशी एकमेकांत मिसळतात तेव्हा. फाटा ते घर या पायवाटेचं नाव परागनलिका, म्हणजे परागकणातून फुटणारी नळी.

मक्यात ही पायवाट डोळ्यांना दिसते, म्हणून मला मका आवडतो. कणसाच्या टोकातून जे रेशमी केस लोंबतात, ते मुलांना कचरा वाटतात. खरं तर एक केस म्हणजे एक दाणा. प्रत्येक केसाचं खालचं टोक एकेका कोवळ्या दाण्याला चिकटलेलं असतं. वरच्या तुऱ्यातून पराग झडतो, वाऱ्यानं केसावर येऊन चिकटतो, तिथं रुजतो आणि केसाच्या आतून त्याची नळी खाली उतरत जाते. वीतभर लांबीचा केस उतरून दाण्यापर्यंत जायला तिला साधारण एक दिवस लागतो.

आता गंमत बघा. फलन झालं की दोन-तीन दिवसांत केस दाण्यापाशी आपोआप सुटतो. झालं नाही, तर चिकटूनच राहतो. मी पोरांना घेऊन शेजारच्या धुऱ्यावर गेलो. केस बाहेर पडून आठवडाभर झालेलं एक कणीस मालकाला विचारून तोडलं. ब्लेडनं पानं बुडापासून टोकापर्यंत हळूच चिरली, केस ओढले जाणार नाहीत अशा बेतानं एकेक पान सोडवलं आणि कणीस आडवं धरून झटकलं. बुडाकडचे केस भराभर गळून मातीत पडले. शेंड्याकडची एक झुलपी मात्र जागची हलली नाही. गळालेल्या केसांच्या ठिकाणी फलन झालं, चिकटलेल्यांच्या ठिकाणी झालेलं नाही. यंत्र नको, रसायन नको.

चिकटलेल्या केसाबद्दल पोरांनी लगेच निकाल दिला, "परागीभवन झालं नाही." इथंच थांबायचं असतं. परागच आला नसेल, हे एक कारण. शेंड्याकडचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात, तोवर तुऱ्यातला पराग झडून गेलेला असतो. पण दुसरं कारणही असू शकतं. पराग आला असेल आणि उन्हाच्या तडाख्यात केस सुकून नळी अर्ध्या वाटेतच मेली असेल. तिथं परागीभवन झालं, फलन झालं नाही. कणीस दोन्हीकडं सारखंच बोडकं दिसतं.

ही नळी खोटी वाटत असेल तर तेरड्याचं ताजं फूल घ्या. काचपट्टीवर दहा टक्के साखरेच्या पाण्याचा थेंब, त्यात थोडा पराग. पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांना शेपट्या फुटताना दिसतात. आमचा सूक्ष्मदर्शक जुना, आरसा तडकलेला, तरी दिसतात. कुक्षी नाही, बीजांड नाही, नुसतं गोड पाणी मिळालं तरी पराग वाट काढायला निघतो. निघाला तरी पोचायला घरच नाही, म्हणून फलन नाही.

ही नळी पहिल्यांदा पाहिली इटलीच्या जिओव्हानी आमिची यांनी, १८२० च्या दशकात आणि तीही आपल्या घोळीच्या कुळातल्या झाडात. हो, तीच घोळ, जी आपण निंदताना उपटतो आणि संध्याकाळी भाजीला घेतो. पण नळीतून आलेलं नर युग्मक अंडपेशीशी मिसळतं हे एडुआर्ड स्ट्रासबर्गर यांनी दाखवलं ते १८८४ मध्ये. फाटा ते घर हे अंतर कळायला विज्ञानालाच साठेक वर्षं लागली, तर मागच्या बाकावरच्या पोराला एक तास लागला तर बिघडलं कुठं?

हा फरक पुस्तक न वाचता ज्यांना ठाऊक असतो त्या म्हणजे कपाशीच्या बीजोत्पादनात क्रॉसिंगला, म्हणजे हातानं पराग लावायला, जाणाऱ्या बाया. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, संकर-४, सुरतच्या संशोधन केंद्रातून १९७० मध्ये आला, डॉ. सी. टी. पटेल यांच्या कामातून. तेव्हापासून हे बियाणं अशाच हातांनी तयार होतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सोलून काढायची, आतली कुक्षी दुखावू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल तोडून त्या कुक्षीवर फिरवायचं, दोरा बांधायचा. झालं परागीभवन, अगदी हातानं केलेलं. तरी बाई आभाळाकडं पाहते. सर आली तर कपाशीचा पराग पाण्यानं फुटतो. "कालची मेहनत गेली," असं ती म्हणते तेव्हा ती फलनाबद्दल बोलत असते, शब्द तेवढा माहीत नसतो.

कपाशीचं पांढरट फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं ना, त्यावरून "फलन झालं" असं काही जण सांगतात. तसं नाही. पाकळी म्हातारी झाली की रंग बदलतो. फलन झालेल्या बीजांडाची सरकी होते आणि तिच्या सालीवरच्या पेशी लांब वाढून कापूस होतो. एक धागा म्हणजे एक पेशी. जे बीजांड रिकामं राहिलं त्याची ना सरकी, ना कापूस.

परीक्षेत दुहेरी फलन विचारतात, तेही भुट्ट्यावरच दाखवता येतं. परागनलिकेतून एक नाही, दोन नर युग्मकं येतात. एक अंडपेशीशी मिसळून युग्मनज होतं, त्यातून रोप. दुसरं बीजांडातल्या भ्रूणकोषाच्या मधल्या दोन केंद्रकांशी मिसळतं, त्यातून भ्रूणपोष, म्हणजे आपण खातो तो पिठूळ भाग. हे सेर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवलं. आता पांढरा मका लावलेल्या वावराशेजारी कोणी पिवळा मका लावला, की पांढऱ्या कणसात मधेच पिवळे दाणे दिसतात. बियाणं भेसळीचं निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. खरं तर दुसऱ्या फलनानं शेजाऱ्याचा रंग दाण्यात, त्याच हंगामात उतरलेला असतो.

मग पोरं विचारतात, कारल्याशेजारी कोहळं लावलं तर कोहळं कडू होईल का? नाही. कोहळ्याचा गर अंडाशयाच्या भिंतीचा, म्हणजे पूर्ण आईचा. कोहळ्याचा वेल मात्र परागीभवनासाठी उत्तम. मादी फुलाखाली जन्मतःच सुपारीएवढं कोहळं असतं, नर फुलाखाली नुसता देठ. ते छोटं कोहळं पिवळं पडून गळतं तेव्हा बहुतेकदा माशीच आलेली नसते. भल्या सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलावर फिरवा. दुपारपर्यंत फूल मिटतं, मग उपयोग नाही. सकाळीच वेलावर फवारणी केली तर माशी कुठून येणार, हे वेगळं सांगायला नको.

सोयाबीनला ही अडचण नाही. फूल उमलायच्या आधीच आतल्या आत स्वपरागण उरकलेलं असतं. तरी फुलं गळतात, आणि गळलेल्या फुलांत फलन झालेलीही असतात. घरी पोचलेल्या माणसालाही जेवण मिळेलच असं नाही. झाडाकडं अन्न-पाणी कमी पडलं की ते शेंगा कमी करतं.

शेवटी एक पेच, जो मी हुशार पोरांसाठी राखून ठेवतो. आमच्याकडं संत्र्याचं कलम जंबेरीच्या, म्हणजे एका जातीच्या लिंबाच्या, रोपावर डोळा बांधून करतात. वरुड तालुक्यातलं शेंदुरजना घाट तर कलमांसाठीच ओळखलं जातं. जंबेरीचं एक बी पेरलं की कधी दोन, कधी तीन रोपं उगवतात. त्यातली बहुतेक फलनातून आलेलीच नसतात. बीजांडाच्या आईकडच्या पेशींतूनच थेट भ्रूण तयार होतो, म्हणून ती हुबेहूब आईसारखी आणि सगळी एकसारखी. खुंटाला, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपाला, तेच हवं असतं. वाफ्यात एखादं रोप वेगळ्याच पानाचं, वेगळ्याच उंचीचं दिसलं की रोपवाटिकेतला माणूस ते उपटून टाकतो. ते बिचारं बहुधा फलनातून जन्मलेलं असतं.

त्या मुलीला मी सांगितलं, पुढच्या वर्षी तीन झाडं एका ओळीत नको, बारा-पंधरा झाडं चौकोनात लावा, म्हणजे वारा कुठूनही आला तरी पराग केसांवर पडेल. दुसऱ्या दिवशी ती निरोप घेऊन आली, "माय म्हणते, न्हाणीपाशी एवढी जागा कुठं हाय? सरांना म्हणा, तुरा हालवून देईन मी सकाळी."

मी म्हटलं, चालेल. फक्त केस बाहेर आले की रोज हलव म्हणावं, एकदाच नको.