शांती (ख्रिस्ती धर्मातील संकल्पना)

शांती : भय आणि चिंता यांनी ग्रासलेल्या मनाला देवाच्या सान्निध्यामुळे लाभणारे स्वास्थ्य, या अर्थाने ख्रिस्ती धर्मात रूढ असलेली संज्ञा. संकट टळल्यावर हायसे वाटते, ती ही शांती नव्हे. हिची खरी ओळख संकट अजून दारात उभे असतानाच होते. जुन्या करारातील (बायबलच्या येशूपूर्व भागातील) ‘शालोम’ या हिब्रू शब्दात पूर्णता, क्षेम आणि सलोखा हे तिन्ही अर्थ आहेत. नव्या करारातील (येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागातील) ‘आयरेने’ या ग्रीक शब्दाने ते पुढे चालवले आणि ‘देवाशी झालेला समेट’ हा अर्थ ठळक केला. म्हणून ख्रिस्ती विचारात शांती हा आधी नात्याचा प्रश्न आहे, मनःस्थितीचा नंतर.

हे नाते मराठीत एका शब्दाच्या दोन वापरांतून सहज उलगडते. आपण काळजी ‘करतो’ आणि कोणी तरी आपली काळजी ‘घेते’. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातील (अध्याय ५, वचन ७) उपदेश नेमका हाच आहे : आपली सारी चिंता देवावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. येथे ‘टाकणे’ या अर्थाचे जे ग्रीक क्रियापद आहे, तेच येशूच्या यरुशलेम-प्रवेशाच्या वेळी शिष्यांनी शिंगरावर आपली वस्त्रे टाकली त्या प्रसंगी येशूचे चरित्र लिहिणाऱ्या लूकने वापरले आहे. ओझे हलके झाले असे पेत्र म्हणत नाही. ते दुसऱ्याच्या पाठीवर गेले, असे म्हणतो.

मार्ककृत शुभवर्तमानातील (येशूच्या चरित्रातील) वादळाच्या कथेत (४:३५–४१) हाच प्रश्न शिष्यांच्या तोंडी रागाने येतो. गालीलचा समुद्र म्हणजे वास्तविक गोड्या पाण्याचे सरोवर. ते समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली, डोंगरांच्या कुशीत आहे. तेथे वारा अचानक उसळतो. मचवा पाण्याने भरू लागला तेव्हा येशू मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून झोपला होता. त्याला उठवून शिष्य विचारतात, आम्ही बुडतो आहोत याची तुम्हाला काळजीच नाही का? पेत्राच्या पत्रातील ‘काळजी घेतो’ हे क्रियापद येथेही आहे. वारा थांबल्यावर शिष्य फार भ्याले, असे मार्क सांगतो. लाटांची भीती गेली आणि समोर बसलेला हा कोण, या प्रश्नाची भीती आली.

डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ६:२५–३४) येशू आकाशातील पाखरे आणि रानातील फुले दाखवून ‘उद्याची चिंता करू नका’ असे सांगतो. ऐकणाऱ्यांत रोजच्या मजुरीवर पोट असलेले लोक असणार. त्यांच्यासाठी ‘उद्या’ म्हणजे चूल पेटेल की नाही हा प्रश्न. त्याच अध्यायातील ‘प्रभूच्या प्रार्थने’तही भाकर मागितली आहे ती आजची. निष्काळजीपणाचा हा उपदेश नाही. पाखरांना दाणा शोधावाच लागतो. उद्याचा दाणा मात्र ती आज चोचीत धरून बसत नाहीत.

सर्वाधिक पाठ असलेले वचन आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या पौलाचे आहे. फिलिप्पैकरांस पत्रात (४:६–७) तो लिहितो की कशाचीही चिंता न करता आभार मानून आपली मागणी देवापुढे ठेवावी, म्हणजे बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती अंतःकरणाचे रक्षण करील. हे लिहिणारा स्वतः बेड्यांत होता. ‘रक्षण’ या अर्थाचा मूळ शब्द लष्करी पहाऱ्याचा आहे, आणि फिलिप्पै ही रोमन सैनिक वसवलेली वसाहत होती. वेशीवर शिपाई उभा असला की गाव झोपते, हे तिथल्या वाचकाला सांगावे लागत नव्हते.

या वचनांचा एक दुरुपयोग वारंवार होतो. भ्यालेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी आहे’ असे सुनावले जाते. बायबलचा याला आधार नाही. गेथशेमाने (अर्थ : तेलाचा घाणा) येथे अटकेच्या रात्री खुद्द येशू अस्वस्थ आणि व्याकूळ झाला, दुःखाचा हा प्याला टळावा म्हणून त्याने प्रार्थना केली. स्तोत्रसंहितेतील ८८वे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावर संपते. तेथे दिलाशाची एकही ओळ जोडलेली नाही, तरीही ते प्रार्थना म्हणून जपले गेले. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला (१ राजे १९). देवाच्या दूताने त्याला बोल लावला नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. बोलणे नंतर झाले. चिंताविकार किंवा नैराश्य असलेल्याला डॉक्टरकडे नेणे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणे यांत विरोध मानणाऱ्यांनी ही कथा सावकाश वाचावी.

शांतीचा शोध इतिहासात वेगवेगळ्या वाटांनी झाला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मठांत श्वासाच्या लयीत येशूच्या नावाची लहानशी प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणण्याची साधना वाढली. कॅथलिक परंपरेत पापनिवेदन, जपमाळ आणि मिस्सा या सामूहिक उपासनेत एकमेकांना शांती देण्याचा विधी आहे. प्रॉटेस्टंट इतिहासातील बोलका प्रसंग इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याचा. जानेवारी १७३६ मध्ये तो अमेरिकेतील जॉर्जियाला जात असताना अटलांटिकवर वादळ झाले आणि जहाजाचे मुख्य शीड फाटले. इंग्रज प्रवासी किंचाळू लागले. मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक मात्र स्तोत्र गात राहिले. तुमच्या बायकामुलांनाही भीती वाटली नाही का, असे वेस्लीने नंतर विचारले. आमची बायकामुले मरणाला भीत नाहीत, असे उत्तर आले. वेस्ली दीक्षित धर्मगुरू होता, आणि तो घाबरला होता. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत आपले हृदय विलक्षण उबदार झाल्याचा अनुभव त्याने नोंदवला. पुढच्या वर्षीच्या रोजनिशीत शंका पुन्हा डोकावतात. त्याही त्याने लपवल्या नाहीत.

महाराष्ट्राच्या संदर्भात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे उदाहरण याच कारणाने मोलाचे आहे. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ती धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. मनाला निवांतपणा मिळायला त्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली. श्रद्धा स्वीकारली की शांती आपोआप येते, या समजाला याहून प्रामाणिक उत्तर नाही. ती शांती हात जोडून बसून राहिली नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा वारली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी तरीही अखेरपर्यंत चालू ठेवले.

मराठी ख्रिस्ती घरांतील रोजच्या प्रार्थनेत आणि आजाऱ्याच्या उशाशी २३वे स्तोत्र हमखास म्हटले जाते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ अशी त्याची सुरुवात. पहिल्या तीन ओव्यांत देवाचा उल्लेख ‘तो’ असा आहे : तो हिरव्या कुरणात बसवतो, तो पाण्याजवळ नेतो. चौथीत मृत्युच्छायेची दरी येते, आणि तेथून पुढे सर्वनाम बदलते. मी भिणार नाही, कारण ‘तू’ माझ्याबरोबर आहेस.