‘डी’चा आकडा कुठल्या लॅबचा खरा?

मावशीने दोन रिपोर्ट माझ्यासमोर ठेवले. एकावर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी १७.२, दुसऱ्यावर २९.६ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर). दोन्हींत नऊ दिवसांचं अंतर. पहिला पाहून डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी लिहून दिली होती. पण पुडी फोडण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून मावशीने दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. “आता यातलं खोटं कोण बोलतंय ते तू सांग,” ती म्हणाली. मी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे असे प्रश्न आपसूक माझ्याकडे येतात.

मी आधी आकडे बघितले नाहीत, रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘मेथड’ म्हणून एक ओळ असते ती बघितली. एकीकडे सीएलआयए, दुसरीकडे ईसीएलआयए, म्हणजे प्रकाश मोजून आकडा काढणाऱ्या दोन पद्धती. ही ओळ सहसा कुणी वाचत नाही. ती वाचायला हवी असं मला फार मनापासून वाटतं, कारण रिपोर्टवरचा आकडा जितका आपल्या रक्ताचा असतो, तितकाच तो मोजणाऱ्या पद्धतीचाही असतो.

नावातला तो २५ आधी समजून घेऊ. उन्हामुळे त्वचेत तयार झालेलं किंवा पुडीतून पोटात गेलेलं डी यकृतात जातं आणि तिथे त्याच्या पंचविसाव्या कार्बनला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) चिकटतो. हे रूप रक्तात दोन-तीन आठवडे टिकून राहतं, म्हणून शरीरातला साठा कळण्यासाठी तेच मोजतात. मूत्रपिंडात तयार होणारं खरं कामाचं रूप काही तासांतच ओसरतं. शिवाय साठा कमी झाला की पॅराथायरॉइड संप्रेरक मूत्रपिंडाला जोर लावायला सांगतं, त्यामुळे कमतरता असतानाही ते रूप नॉर्मल दिसू शकतं.

मोजायचं प्रमाण किती सूक्ष्म आहे बघा. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे पन्नास हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम. उन्हाळ्यात सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे पाच टँकर डोळ्यांसमोर आणा आणि त्यात चिमूटभर पूड विरघळवा. आपल्याला ती चिमूट शोधायची आहे, तीही रक्ताच्या काही थेंबांतून. त्यात हा रेणू मोकळा फिरत नाही. तो तेलकट स्वभावाचा, पाण्यात न विरघळणारा. रक्तात त्याला वाहून नेणारं एक खास प्रथिन आहे, डी-बंधक प्रथिन. बहुतेक सगळं डी त्याला घट्ट धरून असतं, थोडं अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाला, आणि मोकळं असतं ते एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे मोजण्याआधी त्याला या प्रथिनाच्या मिठीतून सोडवावं लागतं. माझ्या मते या चाचणीचं निम्मं दुखणं तिथेच आहे.

पहिली उपयोगी चाचणी १९७१ साली जॉन हॅडाड आणि त्यांच्या सहकाऱ्याने याच बंधक प्रथिनाचा उपयोग करून बसवली. पुढे रेणू एकमेकांपासून वेगळे करून मोजणारी एचपीएलसी आली, ऐंशीच्या दशकात किरणोत्सारी खूण लावलेल्या रेणूंवर चालणारी आरआयए आली. नंतर मागणी इतकी वाढली की हाताने नळ्या हलवत बसणं शक्यच नव्हतं. आज गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवर दिलेला नमुना बहुधा एका मोठ्या स्वयंचलित यंत्रात जातो आणि तासाभरात आकडा बाहेर येतो. सीएलआयए, ईसीएलआयए, सीएमआयए ही सगळी त्याच कुटुंबातली नावं.

या पद्धतीचं तत्त्व एसटीच्या प्रवाशाला लगेच कळेल. गाडीत मोजक्या जागा, म्हणजे डीला ओळखून पकडणाऱ्या अँटिबॉडी. स्टँडवर दोन घोळके उभे आहेत. एक रुग्णाच्या रक्तातल्या डीचा, दुसरा कंपनीने पाठवलेल्या, अंगावर प्रकाश देणारी खूण लावलेल्या डीचा. दार उघडलं की दोघांची जागेसाठी झुंबड उडते. रुग्णाचं डी जास्त असेल, तर खूणवाल्यांना जागा कमी मिळते आणि शेवटी प्रकाश कमी पडतो. प्रकाश जितका कमी, तितकं डी जास्त. रेणू इतका लहान आहे की त्याला दोन बाजूंनी दोन अँटिबॉडींनी पकडता येत नाही, म्हणून ही उलटी रीत.

आता गाडीत भलताच कुणी चढला तर? डीचे नातेवाईक बरेच आहेत. डी३ त्वचेत तयार होतं आणि प्राणिज पदार्थांतून मिळतं, डी२ बुरशी-अळंबीतून येतं. दोघांच्या रचनेत थोडाच फरक आहे, पण काही किटांच्या अँटिबॉडी डी२ला नीट ओळखत नाहीत आणि त्याचं माप कमी येतं. आपल्याकडे ‘+एफ’ खूण असलेल्या दुधात आणि तेलात डी२ घालायला परवानगी आहे, शाकाहारी म्हणून डी२च्या गोळ्या घेणारेही आहेत, त्यांच्यासाठी ही बाब महत्त्वाची. उलट, शरीराने मोडीत काढायला घेतलेलं २४,२५-डायहायड्रॉक्सी रूप काही अँटिबॉडी चुकून डी समजून मोजतात, तेव्हा आकडा फुगतो. गरोदरपणात डी-बंधक प्रथिनाचं प्रमाण वाढतं. यंत्रातल्या काही मिनिटांत सगळं डी त्यातून सुटलं नाही, तर आकडा कमी येऊ शकतो. डायलिसिसवरचे आणि अतिदक्षता विभागातले रुग्ण यांच्याही नमुन्यांत निरनिराळी यंत्रं निरनिराळं बोलतात, हे तुलनांतून दिसलेलं आहे.

या सगळ्यातून सुटायला जी पद्धत आहे तिचं नाव लिक्विड क्रोमॅटोग्राफी-टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री. लॅबमध्ये आम्ही तिला नुसतं एलसी-एमएस म्हणतो. इथे अँटिबॉडी नाही, रेणूचं वजनच बघायचं. थोड्याशा सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, आधी ठरावीक मापाचं ‘जड डी’ घालतात. त्याचे सहा हायड्रोजन काढून जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, बसवलेलं असतं, त्यामुळे वजन सहाने जास्त, बाकी स्वभाव तोच. मग मेथॅनॉलसारखं द्रावक घातलं की प्रथिनं दूध नासल्यासारखी पांढरी फुटतात आणि डी मोकळं होतं. हेक्सेन घालून हलवलं की डी वरच्या थरात येतं. तो थर पिपेटने अलगद उचलायचा, नायट्रोजनच्या झोताखाली सुकवायचा, थोड्या द्रावात पुन्हा घ्यायचा आणि रेणू वेगवेगळे करणाऱ्या स्तंभातून सोडायचा. या उचलाउचलीत काही डी वाया जातंच. पण जड डीही त्याच प्रमाणात वाया जातं, आणि ते किती घातलं होतं हे आपल्याला माहीत असतं. शेवटी दोघांचं गुणोत्तर काढलं की मूळ माप मिळतं. मला ही युक्ती आजही पहिल्या दिवसाइतकीच सुंदर वाटते. डी२ आणि डी३ची वजनं वेगळी, साधारण ४१२ आणि ४००, त्यामुळे दोघांचे आकडेही वेगवेगळे मिळतात.

तरीही एलसी-एमएस म्हणजे देववाणी नव्हे. २००६ साली लक्षात आलं की वर्षाच्या आतल्या बाळांच्या रक्तात डीचं एक जुळं रूप बरंच असतं. तिसऱ्या कार्बनवरचा गट फक्त दुसऱ्या बाजूला वळलेला, बाकी सगळं तेच, वजनही तेच. वजन मोजणाऱ्या यंत्राला दोघांत फरक कळत नाही. त्यासाठी स्तंभ खास लागतो आणि वेळ जास्त द्यावा लागतो, नाहीतर बाळाचा आकडा उगाच मोठा येतो. बहुतेक अँटिबॉडी मात्र या जुळ्याला पकडतच नाहीत, म्हणजे या एका बाबतीत स्वस्त पद्धत सरस ठरते.

मग सगळ्यांनी एकाच मापाने कसं मोजायचं? लंडनमध्ये १९८९पासून डीईक्यूएएस ही योजना चालते. ती जगभरच्या लॅबना तेच नमुने पाठवते आणि कोण किती चुकलं ते कळवते. २००४मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात तेच नमुने निरनिराळ्या लॅबना दिले. ३२ ही सीमा धरली, तर कमतरता असलेल्यांचं प्रमाण एका लॅबप्रमाणे १७ टक्के आलं, दुसरीप्रमाणे ९०. २००९मध्ये तिथल्या एनआयएसटी या मापांच्या राष्ट्रीय संस्थेने प्रमाणित नमुने उपलब्ध केले, २०१०मध्ये मानकीकरणाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सीडीसी या तिथल्या आरोग्य संस्थेने अट घातली की सरासरी चूक पाच टक्क्यांच्या आत, आणि तोच नमुना पुन्हा पुन्हा मोजला तर आकड्यांचं विखुरणं दहा टक्क्यांच्या आत. त्याआधी अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १९८८-९४च्या तुलनेत २०००-०४मध्ये लोकांचं डी घटल्यासारखं दिसत होतं. त्यातला बराचसा फरक किट बदलल्यामुळे होता.

दहा टक्के विखुरणं म्हणजे व्यवहारात काय? खरं माप २० असेल तर रिपोर्टवर १६ ते २४मधलं काहीही येऊ शकतं. त्यामुळे १८ वरून २१ झालं म्हणून आनंद आणि २२ वरून १९ झालं म्हणून धास्ती, दोन्हीला आधार नाही. अमेरिकेतल्या एका संस्थेने २० पुरेसं मानलं, २०११मध्ये दुसरीने ३० म्हटलं आणि २०२४मध्ये तिनेच ती सीमा मागे घेऊन धडधाकट माणसांची सरसकट तपासणी करू नका असं सांगितलं. परदेशात नातेवाईक असतील तर आणखी एक घोळ होतो. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात आकडा नॅनोमोलमध्ये देतात, त्याला अडीचने भागलं की आपला आकडा येतो. तिकडचे ५० म्हणजे इकडचे २०.

मावशीकडे परत येते. तिला विचारलं, पुडी अजून फोडली नाहीस, पण बाकी काय घेतेस? केस गळतात म्हणून ती रोज सकाळी दहा मिलिग्रॅम बायोटिन हे जीवनसत्त्व घेत होती, आणि दुसऱ्या लॅबमध्ये गोळी घेऊन दोनच तासांनी गेली होती. ईसीएलआयएच्या काही किटांत खूण पकडून ठेवायला बायोटिनचाच दुवा वापरतात. रक्तात बायोटिन भरलेलं असलं की तेच त्या जागा अडवतं, प्रकाश कमी पडतो आणि यंत्राला वाटतं डी भरपूर आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१७मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. थायरॉइडच्या तपासण्यांतही हाच गोंधळ होतो. लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि कुणी विचारला नाही तर आपण आपणहून सांगावं.

तीन दिवस बायोटिन बंद ठेवून तिने दोन्हीकडे एकाच सकाळी रक्त दिलं. एकीकडे १८.१, दुसरीकडे २१.४. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, हाडांच्या दुखण्याबद्दल विचारलं आणि पुडी सुरू करायला सांगितली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं, पण या खेपेला पहिल्याच लॅबमध्ये. मावशीने फाइलमधल्या चारही रिपोर्टांवर पेनने पद्धतीचं नाव गोल करून ठेवलं आहे.